मे महिन्यातील बांधकाम आणि ऊन लागणे : प्रत्यक्षात काय उपयोगी पडते?

बुटीबोरीकर (12 एप्रिल, रात्री 9.40)

नमस्कार. मी नागपूरजवळ एका औद्योगिक इमारतीच्या बांधकामावर साइट इंजिनिअर आहे. गेल्या मे महिन्यातील एक प्रसंग मनातून जात नाही आणि आता पुन्हा तेच दिवस जवळ आले आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

बालाघाटकडून आलेला बावीस वर्षांचा एक बिगारी कामाच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास, सळ्या वाहताना असंबद्ध बोलू लागला. मुकादमाला वाटले की पोराने घेतली आहे. त्याला चार शब्द सुनावून सावलीत बसवले गेले आणि वीस मिनिटांनी तो कोसळला. तो वाचला, पण आठ दिवस रुग्णालयात होता. त्याच दुपारी आम्ही काँक्रीटच्या पाण्यात बर्फ टाकत होतो, खडीवर पाणी मारत होतो आणि ओतलेल्या भागावर ओली गोणपाटे अंथरत होतो, कारण भारतीय मानक 7861 प्रमाणे ओतताना काँक्रीटचे तापमान 40 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते. त्यासाठी आमच्याकडे तापमापी आहे, नोंदवही आहे आणि सही करणारा माणूसही आहे. माणसांसाठी एक माठ होता, तोही खालच्या मजल्यावर.

यंदा थोडा खर्च मंजूर करून घेतला आहे. हिरवी जाळी, जास्तीचे माठ, ओआरएसच्या पुड्या आणि दुपारी 12 ते 4 काम बंद, एवढे मनात आहे. मात्र दुपारच्या सुट्टीला सेंट्रिंगची टोळीच विरोध करते, कारण त्यांचे काम उक्ते आहे. यांपैकी खरोखर काय उपयोगी पडते आणि काय केवळ तपासणीच्या दिवशी दाखवण्यापुरते असते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

वाळ्याचा_पडदा

आमच्या आजोबांनी आयुष्यभर उन्हाळ्यात खिशात कांदा बाळगला आणि त्यांना कधीही ऊन लागले नाही. मात्र दुपारच्या जेवणाला ते तोच कांदा बुक्कीने फोडून खात असत, त्यामुळे श्रेय खिशाला द्यावे की पोटाला, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की आजोबा सकाळी अकरानंतर शेतात दिसत नसत. कांद्याच्या नादात हा तपशील सर्वजण विसरतात.

डॉ_निंबोणी

वाळ्याचा_पडदा यांच्या शेवटच्या वाक्यातच बरेचसे उत्तर आहे.

बुटीबोरीकर, आपल्या प्रसंगातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे 'दुसऱ्याच दिवशी'. उन्हात कष्ट करण्याची सवय शरीराला लागते, पण त्यासाठी एक ते दोन आठवडे जावे लागतात. त्या काळात घाम लवकर आणि अधिक सुटू लागतो, घामातले मीठ कमी होते, रक्ताचे आकारमान वाढते आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. उघड्यावरच्या कामातील उष्माघाताचे निम्म्याहून अधिक मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात, असे अमेरिकेतील कामगार सुरक्षा विभाग सांगतो. म्हणून तेथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या एक पंचमांशच द्यावे आणि पुढे रोज तेवढेच वाढवावे, असा दंडक सुचवलेला आहे. अनुभवी माणूस खंडानंतर परतला तर पहिल्या दिवशी निम्मे, मग 60 टक्के, 80 टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. आठवडाभराच्या खंडातही सवय बरीचशी मोडते. आपल्याकडे मे महिना हा लग्नसराईचा. गावी जाऊन दहा दिवसांनी परतलेला जुना मिस्त्रीही शरीराच्या दृष्टीने जवळजवळ नवाच असतो, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, कारण तो 'जुना' आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'घेतली आहे' हा समज. असंबद्ध बोलणे, झोकांड्या जाणे, विनाकारण चिडणे ही उष्माघाताची पहिली चिन्हे आहेत आणि ती हुबेहूब दारूसारखी दिसतात. अंग कोरडे आणि तापलेले असेल तरच उष्माघात, हे घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरते. कष्ट करताना कोसळलेला तरुण घामाने निथळत असतानाही त्याच्या शरीराच्या आतले तापमान 40 अंशांच्या पुढे गेलेले असू शकते. मुकादमाला एवढेच शिकवा : गावाचे नाव विचारा, आजचा वार विचारा, सरळ रेषेत चार पावले चालायला सांगा. चुकला, तर तो उष्माघातच आहे असे धरून चाला. दारू प्यायलेला निघाला तर तुमचे दोन घमेली पाणी वाया गेले, एवढेच.

मिस्त्री_ते_मालक

डॉक्टरसाहेब, आपला आदर राखून बोलतो. मी बिगारी म्हणून सुरुवात केली आणि आज वीस माणसांची टोळी चालवतो. पहिल्या दिवशी एक पंचमांश काम द्यायचे, पण हजेरी पूर्ण द्यायची, असे आपले म्हणणे असेल, तर बाकीचे चार हिस्से कोणाच्या खिशातून जाणार? नाक्यावरून उचललेला माणूस उद्या येईलच याची खात्री नसते. तासाला दहा मिनिटे विश्रांती म्हटले तरी आठ तासांत ऐंशी मिनिटे होतात, म्हणजे दिवसाचा सहावा हिस्सा. माझा दर चौरस फुटावर ठरलेला आहे आणि त्या दरात ऊन कोठेही लिहिलेले नाही. शिवाय टोळीलाच थांबायचे नसते. पावसाच्या आत घरी पैसे घेऊन जायचे असतात.

मी निर्दयी माणूस नाही. ताक पाजतो, गूळ-शेंगदाणे ठेवतो. पण हिशेब सांगितल्याशिवाय या चर्चेला अर्थ नाही.

दोहाकर

मालकांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून माझा अनुभव देतो. मी मूळचा रत्नागिरीचा, पंधरा वर्षे कतारमध्ये बांधकामावर आहे. येथे 2007 पासून दुपारच्या कामावर बंदी आहे. 2021 मध्ये ती वाढवली गेली आणि आता 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करता येत नाही. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी, की ओल्या गोळ्याचे म्हणून ओळखले जाणारे तापमान 32.1 अंशांच्या पुढे गेले तर वेळ कोणतीही असो, काम थांबवावे लागते.

हे मोजमाप साध्या पाऱ्याहून वेगळे आहे. त्यात ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीला 0.7, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्याला 0.2 आणि सावलीतल्या हवेला 0.1 असा हिस्सा असतो. सर्वांत मोठा हिस्सा ओल्या तापमापीचा आहे, कारण घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षणात जवान कोसळू लागले, तेव्हा 1950 च्या दशकात ही पद्धत तयार झाली.

आता पैशांविषयी. येथे माणूस महिन्याच्या पगारावर असतो, त्यामुळे सक्तीची विश्रांती त्याच्या खिशातून जात नाही आणि कामाच्या वेळापत्रकात ती आधीच धरलेली असते. स्पर्धेतील प्रत्येक कंत्राटदाराला तोच नियम लागू असल्यामुळे एकट्याचे नुकसान होत नाही. सर्व काही आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. नियम कागदावर येण्यापूर्वी बऱ्याच माणसांनी त्याची किंमत मोजली आहे. पण 'टोळीलाच थांबायचे नसते' हे मी येथे ऐकलेले नाही. उक्त्याने बांधलेला माणूसच असे म्हणतो.

खाडीकाठ

मी पनवेलचा. नागपूरकरांना वाटते की ऊन ही त्यांचीच मालमत्ता आहे. दोहाकरांचे सूत्र वापरून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा नागपुरात हवा 44 अंश, ओली तापमापी 24 आणि काळा गोळा 58. उत्तर येते 32.8. पनवेलला हवा फक्त 36, पण ओली तापमापी 28.5 आणि गोळा 50. उत्तर येते 33.55. म्हणजे आठ अंशांनी 'थंड' असलेल्या पनवेलमध्ये घमेले उचलणारा माणूस अधिक धोक्यात असू शकतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर 14 माणसे उष्माघाताने गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता आणि ती माणसे कष्टही करत नव्हती, नुसती बसली होती. हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 आणि किनारपट्टीवर 37 अंशांची अट धरतो, ती याच भेदामुळे असावी.

तेव्हा '45 झाले की थांबू' असा एकच आकडा फलकावर लिहू नये, एवढीच विनंती.

वाळ्याचा_पडदा

मान्य. याच कारणाने आमचा वाळ्याचा कूलर पनवेलला नेला तर फक्त कपडे ओले करतो. तरीही 2024 च्या मे महिन्यात आमच्या नागपूरने यंत्रावर 56 अंश नोंदवले होते, हे आम्ही विसरणार नाही. पुढे संवेदक बिघडलेला निघाला, ही गोष्ट निराळी. त्या दोन दिवसांत आम्ही जगभर मिरवून घेतले.

गोदाकाठ

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझे आईवडील ऊसतोड करत असत, त्यामुळे मालकांच्या हिशेबाची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि टनामागे पैसे असल्यामुळे ती फेडेपर्यंत विश्रांतीचे प्रत्येक मिनिट कर्जात भर घालते. फेब्रुवारी संपताच फडात वारा नसतो, चारी बाजूंनी उभा ऊस असतो आणि पाचटाची धग पायाला जाणवते. अशा ठिकाणी 'पाणी प्या' हा उपदेश निरुपयोगी आहे. माझी आई दिवसभर पाणी पीत नसे, आणि ते अज्ञानामुळे नव्हे. आडोसा नसल्यामुळे ती पीत नसे. संध्याकाळी अंधार पडला की दोन तांबे एका दमात पिई आणि रात्रभर लघवीच्या जळजळीने तळमळत असे.

बुटीबोरीकर, आपल्या यादीत माठ आहेत, जाळी आहे, पुड्या आहेत. आपल्या बांधकामावर बायका असतील, आणि घमेली वाहायला बहुधा त्याच असतात, तर त्यांच्यासाठी दाराला आतून कडी असलेले शौचालय कोठे आहे, हे आधी सांगा. ते नसेल तर माठ वाढवून उपयोग नाही.

निवृत्त_निरीक्षक

गोदाकाठ ताईंनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. मी कामगार खात्यातून निवृत्त झालो. इमारत बांधकाम कामगारांच्या 1996 च्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या कायद्यात 32 व्या कलमात पिण्याचे पाणी आणि लगेच पुढच्या 33 व्या कलमात स्वच्छतागृह होते. पाणी स्वच्छतागृहापासून किमान 6 मीटर दूर असावे, एवढा बारकावाही होता. 1948 च्या कारखाने अधिनियमात 250 हून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात थंड पाणी देणे बंधनकारक केले होते. म्हणजे पाणी, आडोसा, सावली यांचा विचार पूर्वीच झालेला आहे. राहिले आहे ते अमुक तापमानाला काम थांबवावे आणि त्या वेळेची मजुरी अमुकाने द्यावी, असे सांगणारे वाक्य. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पडू नका अशी आवाहने निघतात. आवाहनाला मजुरी नसते.

अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यातील लाटेनंतर 2013 मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला आणि नागपूरनेही 2016 मध्ये तो मार्ग धरला. इशारे वेळेवर मिळू लागले, हे खरोखर चांगले झाले. पण इशारा ऐकून घरी थांबणे ज्याला परवडते, तोच घरी थांबतो. गुजरातेतील 'सेवा' या स्त्री कामगारांच्या संघटनेने 2023 पासून असा विमा चालवून पाहिला आहे, की ज्यात तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेले की बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम बाईच्या खात्यात जमा होते. रक्कम लहान असली तरी उन्हाची मजुरी कोणीतरी मोजू लागले आहे, हे मला मोलाचे वाटते.

मोहफूल

गडचिरोलीकडे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. तेथेही मोजणी पुड्यावर, 70 पानांचा एक पुडा, म्हणजे एका अर्थी उक्तेच काम. पण माणसे पहाटे चारला जंगलात शिरतात आणि नऊ-दहाच्या आत गावी परततात. दुपारी घराच्या पडवीत बसून पुडे बांधायचे आणि उन्हे कलल्यावर फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे. कोणी बंदी घातलेली नाही. जड काम गारव्यात आणि बसून करायचे काम दुपारी, ही वाटणी कामातच आहे.

शिरोलीकर

मोहफूल यांचा मुद्दा बांधकामालाही लागू पडतो. आम्ही फाउंड्रीवाले, आमचे ऊन बारा महिने छपराखालीच असते. भट्टीसमोर ओतकाम करणाऱ्याला जानेवारीतही तीच धग लागते. आमच्याकडे ओतकाम पहाटेच्या पाळीत घेतात, साचे भरणे नंतर. भट्टीपुढे माणसे आळीपाळीने उभी राहतात आणि ही अदलाबदल पर्यवेक्षक घड्याळ पाहून करतो, माणसाच्या इच्छेवर सोडत नाही. 'थकलो' असे म्हणायची आपल्या माणसांना लाज वाटते. शिट्टी वाजली की मात्र सर्वच उठतात, त्यात कोणाची इज्जत जात नाही.

बुटीबोरीत सळ्या बांधणे, फळ्या उचलणे पहाटे, आणि सळ्या कापणे-वाकवणे दुपारी शेडखाली, असे का होऊ नये?

मिस्त्री_ते_मालक

होऊ शकते. आम्ही स्लॅब ओततानाही रात्रीच घेतो, पण ते काँक्रीटसाठी, हे बुटीबोरीकरांनी आधीच लिहून आम्हा सर्वांची पंचाईत केली आहे. दोहाकरांचा टोला मनाला लागला, तरी तो खरा आहे. मूळ मालकाने निविदेतच एप्रिल-मेसाठी वेगळा दर दिला आणि तो सर्व ठेकेदारांना सारखा असला, तर विश्रांती देणारा ठेकेदार महाग ठरणार नाही. आजची स्थिती अशी आहे की जो माणसे अधिक पिळतो त्याचा दर कमी आणि काम त्यालाच मिळते. हे सुधारण्याची ताकद माझ्यापेक्षा बुटीबोरीकरांच्या साहेबांकडे अधिक आहे.

एक शंका डॉक्टरांना. चक्कर आली की आमच्याकडे तापाची गोळी आणि मिठाचे पाणी देतात. योग्य आहे का?

डॉ_निंबोणी

तापाची गोळी देऊ नका. उष्माघात म्हणजे ताप नव्हे. गोळीने तो उतरत नाही आणि आधीच ताण पडलेल्या यकृतावर भार मात्र वाढतो. नुसते मिठाचे कडक पाणीही नको. शुद्धीवर असेल, नीट बोलत असेल, तर ओआरएस द्यावे, आणि एक पुडी मोजून एका लिटरात विरघळवावी. घोटभर पाण्यात पुडी ओतून पाजणारे मी पाहिले आहेत. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी पुरेसे आहे. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, कारण रक्तातील सोडियम उतरूनही माणूस दगावू शकतो.

बोलणे बिघडले असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. आधी थंड करायचे, मग हलवायचे. बांधकामावर ताडपत्री असतेच. माणसाला तिच्यावर निजवा, चौघांनी कडा उचलून धरा, आत पाणी आणि बर्फ ओता आणि पाणी हलते ठेवा. शरीराचे तापमान अर्ध्या तासाच्या आत 40 च्या खाली आले तर जिवाची आशा पुष्कळ वाढते. एक सावधगिरी : गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी हात भाजेल इतके तापलेले असते, ते वापरू नका. काँक्रीटचा बर्फ येथे कामी येईल.

गोदाकाठ यांच्या आईची ती जळजळ मला अस्वस्थ करून गेली. मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत दिसून आले. कारणांची चर्चा चालू आहे, पण उन्हातील अतिश्रम आणि रोजचे निर्जलीकरण त्यात अग्रभागी आहे. माणूस कोसळला नाही म्हणजे इजा झाली नाही, असे समजू नये.

बुटीबोरीकर (16 मे, रात्री 11.15)

महिन्याने परत येत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. जे झाले ते सांगतो.

साहेबांना पटवायला सर्वांत जास्त उपयोग काँक्रीटच्या नोंदवहीचा झाला. त्याच वहीत मी शेजारी एक रकाना आखला : आज नवीन कोण, गावाहून परतलेले कोण, कितवा दिवस. त्यांना पहिले चार-पाच दिवस दुपारी शेडखाली सळ्या वाकवायला देतो. हजेरी पूर्ण. टोळीशी दोन दिवस वाद झाल्यावर मे महिन्यापुरता दर थोडा वाढवून मिळाला, आणि काम पहाटे साडेपाच ते साडेदहा व संध्याकाळी साडेचार ते साडेसात असे ठरले. शिट्टी मुकादमाकडे आहे आणि ती तो आवश्यकतेपेक्षा अधिक आवडीने वाजवतो. बायकांसाठी दोन शौचालये झाली, आतून कडी असलेली. गोदाकाठ ताई, त्यानंतर माठ दिवसातून तीनदा भरावे लागतात.

9 तारखेला एक जुना फिटर, लग्नाहून दुसऱ्याच दिवशी कामावर आलेला, वार सांगताना अडखळला. मी रकाना आखूनही त्याचे नाव त्यात नव्हते, कारण त्याने आल्याचे कोणाला सांगितलेच नव्हते. मुकादमाने त्याला ताडपत्रीत घालून पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवले. रुग्णवाहिका आली तेव्हा तो मुकादमाला शुद्ध शब्दांत शिव्या देत होता. दोन दिवस रुग्णालयात राहून घरी गेला.

जमले नाही ते राहण्याचे. टोळीच्या खोल्या पत्र्याच्या आहेत. वरून चुना मारला, गवताचा थर टाकला, तरी रात्री अकराला आत पाऊल ठेववत नाही. झोप नाही झाली तर सकाळी शरीर तापलेलेच कामावर येते. माणसे स्लॅबवर जाऊन झोपतात, आणि तेथे अजून कठडा नाही. त्यांना खाली हाकलावे की काय करावे, हे कळत नाही.

शिरोलीकर

हाकलू नका, ते दुसऱ्या बाजूने पुन्हा चढतील. ज्या मजल्याच्या भिंती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत अशा तळमजल्यावर जागा द्या. वरचे दोन स्लॅब ऊन अडवतात, वारा आरपार जातो आणि पडायची भीती नाही. संध्याकाळी जमिनीवर एकदा पाणी मारून घ्या. आम्ही दोन उन्हाळे असेच काढले. मच्छरदाण्यांची सोय मात्र करावी लागेल, कारण तुम्ही पाणी माराल आणि डास त्याची वाटच पाहत असतील.